मेसेज गेला कुठे? रॅबिटएमक्यूमधल्या गळतीचा माग

रॅबिटएमक्यू हा ब्रोकर, म्हणजे एका सेवेचे मेसेज घेऊन दुसऱ्या सेवेला देणारा मध्यस्थ. पाठवणाऱ्या सेवेच्या लॉगमध्ये ‘मेसेज पाठवला’ अशी ओळ असते. घेणाऱ्या सेवेच्या लॉगमध्ये त्याचं नावनिशाण नसतं. क्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या रांगेत, शून्य मेसेज, आणि ब्रोकरच्या लॉगमध्ये त्या वेळेची एकही नोंद नाही. ‘रॅबिटने मेसेज खाल्ला’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्या चार पुराव्यांवर उभी असते. हे चारही पुरावे खरे असतात आणि तरीही ब्रोकरने सांगितलेलं कामच केलेलं असतं.

मेसेजचा प्रवास चार टप्प्यांचा आहे: ॲप्लिकेशनमधून सॉकेटमध्ये (नेटवर्क जोडणीचं टोक), तिथून ब्रोकरच्या एक्स्चेंजमध्ये (मेसेजची वाटणी करणारा भाग), एक्स्चेंजमधून बाइंडिंगप्रमाणे (कुठल्या रूटिंग कीचा, म्हणजे मेसेजवरच्या पत्त्याचा, मेसेज कुठल्या क्यूला जाईल तो नियम) क्यूमध्ये आणि क्यूमधून कन्झ्युमरकडे, म्हणजे घेणाऱ्या सेवेकडे. रॅबिटएमक्यू ज्या एएमक्यूपी प्रोटोकॉलवर उभा राहिला, तो २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओहारा यांनी सुरू केलेला. बँकेच्या घरातला असल्यामुळे त्यात पोच मागायची सोय ठिकठिकाणी आहे. पण पाठवणाऱ्याच्या बाजूची पोच मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि बऱ्याच क्लायंट लायब्रऱ्यांमध्ये ती मुळात बंद असते. आपण पत्र साध्या टपालाने टाकतो आणि नंतर पोचपावती शोधत बसतो, तसला प्रकार.

तपास सेटिंग्ज वाचून सुरू केला की फसतो. वाचायला बसलं की दहा संशयास्पद गोष्टी सापडतात, त्या सगळ्या एका दमात बदलल्या जातात, गळती थांबते किंवा थांबत नाही, आणि नेमकी कुठून होती ते कुणालाच कळत नाही. म्हणून आम्ही आधी मोजतो. पाइपच्या दोन्ही टोकांना मीटर बसवल्याशिवाय रस्ता खोदायचा नाही.

मोजणीसाठी वेगळ्या मशीनवर ब्रोकरची तीच आवृत्ती उभी करायची. चालू ब्रोकरवर ‘रॅबिटएमक्यूसीटीएल एक्स्पोर्ट_डेफिनिशन्स’ चालवून एक्स्चेंज, क्यू, बाइंडिंग आणि पॉलिसी (क्यू आणि एक्स्चेंजना बाहेरून लावलेले नियम) जशाच्या तशा उचलायच्या आणि तिथे आयात करायच्या. मग १०,००० मेसेज पाठवायचे. प्रत्येकाच्या मजकुरात आणि मेसेज आयडीत १ ते १०,००० असा अनुक्रमांक. चार फाइली ठेवायच्या: पाठवल्याची, ब्रोकरची पोच आल्याची, ब्रोकरने परत केल्याची आणि काम पूर्ण झाल्याची. चौथी फाइल कन्झ्युमरने काम संपल्यावर पण ॲक (ब्रोकरला द्यायची ‘मेसेज हाताळला’ अशी पोच) देण्याआधी लिहायची, हा क्रम महत्त्वाचा. शेवटी फाइली ‘सॉर्ट’ करून ‘कॉम’ या साध्या युनिक्स आज्ञेने दोन-दोन ताडून बघायच्या. पहिलीत आहे पण दुसरीत नाही, तर गळती पाठवणाऱ्याच्या बाजूला. दुसरीत आहे पण चौथीत नाही, तर ब्रोकरमध्ये किंवा त्यापुढे. या दुसऱ्या निष्कर्षाला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे येईलच.

किती हरवले यापेक्षा कोणते हरवले हे जास्त बोलकं असतं. एकाआड एक हरवले तर क्यूवर दुसरा कुणीतरी जेवतोय. सलग तुकडा गायब असेल तर कनेक्शन तुटलं, काहीतरी रीस्टार्ट झालं किंवा तेवढा वेळ क्यूच नव्हती. जुने गेले आणि शेवटचे बरोबर हजार उरले तर क्यूच्या लांबीची मर्यादा. फक्त शेवटचे पाच-पन्नास गेले तर पाठवणारी प्रोसेस घाईने बंद झाली. एकाच प्रकारचे मेसेज सगळ्या लांबीवर विखरून गायब असतील तर रूटिंग की आणि बाइंडिंग जुळत नाही. अर्धा दिवस इथेच वाचतो.

एकाआड एकचा प्रकार सगळ्यात साधा, पण तो सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागताना पाहिलाय, कारण सगळे कोडमध्ये डोकं घालून बसलेले असतात. एका क्यूवर दोन कन्झ्युमर असले की ब्रोकर आळीपाळीने वाटतो. दुसरा कन्झ्युमर म्हणजे टेस्टिंगची कॉन्फिग फाइल लॅपटॉपवर घेऊन बसलेला एखादा सहकारी, किंवा नव्या सर्व्हरवर सेवा हलवल्यावर जुन्या मशीनवर तसाच चालू राहिलेला कंटेनर. ‘लिस्ट_कन्झ्युमर्स’ चालवून अपेक्षेपेक्षा जास्त ओळी दिसतात का ते बघायचं, आणि ‘लिस्ट_कनेक्शन्स’ मध्ये पीअर होस्टचा रकाना मागून पत्ता काढायचा. प्रत्येक सेवेला कनेक्शन उघडताना स्वतःचं नाव द्यायला लावलं आणि प्रत्येक परिसराला वेगळा युजर दिला, की हे कोडं पुन्हा पडत नाही. याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे मॅनेजमेंटच्या वेबपानावरचं ‘गेट मेसेजेस’ बटण. तिथे ॲक मोड ‘ऑटोमॅटिक ॲक’ निवडला तर मेसेज नुसता दिसत नाही, क्यूमधून निघून जातो. डीफॉल्ट मोड मेसेज परत क्यूमध्ये ठेवतो, पण त्यावर ‘पुन्हा दिलेला’ असा शिक्का बसतो. चालू क्यूमध्ये डोकावण्यासाठी हे बटण वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता कन्झ्युमरची बाजू. ‘लिस्ट_कन्झ्युमर्स’च्याच उत्तरात ‘ॲक_रिक्वायर्ड’ हा रकाना असतो. तो ‘फॉल्स’ असेल तर पुढचा तपास थांबवून आधी तेच दुरुस्त करायचं. ऑटो ॲकमध्ये ब्रोकर मेसेज सॉकेटवर लिहितो आणि त्याच क्षणी तो पोचला असं धरून क्यूमधून काढून टाकतो. प्रीफेचची, म्हणजे ॲक न झालेले किती मेसेज एका वेळी द्यायचे याची, मर्यादाही इथे लागू होत नाही. चाचणी करून बघण्यासारखी आहे: एका मेसेजला ५० मिलिसेकंद लागतील असं काम द्यायचं, सॉकेट पार्श्वभूमीला वाचत राहणारी लायब्ररी घ्यायची आणि १०,००० छोटे मेसेज सोडायचे. क्यूचा आकडा बघता बघता शून्यावर येतो, म्हणजे सगळे मेसेज क्लायंटच्या मेमरीत येऊन बसलेले असतात. दहा सेकंदांनी प्रोसेसला ‘किल -९’ दिला की काम झालेले मेसेज २०० च्या आसपास आणि उरलेले सुमारे ९,८०० कायमचे गेलेले. तीच चाचणी मॅन्युअल ॲक आणि प्रीफेच ५० ठेवून केली तर कनेक्शन तुटताच ॲक न झालेले ५० मेसेज पुन्हा ‘रेडी’मध्ये येतात आणि बाकीचे तर जागचे हललेलेच नसतात.

मॅन्युअल ॲक आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. कॉलबॅकच्या पहिल्याच ओळीत ॲक दिला असेल तर परिणाम ऑटो ॲकसारखाच. पायथनमधल्या सेलरी या कामं वाटणाऱ्या लायब्ररीची मुळातली सवय हीच आहे, काम सुरू करण्याच्या जरा आधी ती ॲक देते. मेमरी संपून कर्नलने वर्कर मारला की काम गेलं. त्यासाठी ‘टास्क_ॲक्स_लेट’ चालू करावं लागतं. शिवाय ‘टास्क_रिजेक्ट_ऑन_वर्कर_लॉस्ट’ही चालू करावं लागतं, कारण नुसत्या पहिल्याने वर्करची पोटप्रोसेस मेली तरी सेलरी ॲक देऊन मोकळी होते. हे दुसरं सेटिंग बरेच जण विसरतात.

‘मल्टिपल’ फ्लॅगचा घोळ जास्त चकवतो. दहा थ्रेड एकाच चॅनलवर (कनेक्शनमधली एक वेगळी वाट) काम करताहेत, त्यातल्या एकाचा ४० नंबरचा मेसेज लवकर संपला आणि त्याने ‘मल्टिपल’ खरा ठेवून ॲक दिला, तर ३१ ते ३९ हे अजून चालू असलेले मेसेजही ॲक होतात. त्यातलं एखादं काम पुढे कोसळलं तर परत यायला काही उरलेलंच नसतं. थ्रेड अनेक असतील तर तो फ्लॅग खोटाच ठेवायचा. आणि एरर पकडणारा असा तुकडा शोधायचा, ज्यात लॉगची एक ओळ लिहून खाली गुपचूप ॲक दिलाय. प्रत्येक जुन्या कोडमध्ये असा एक तरी असतो.

कन्झ्युमरने मेसेज नाकारला आणि ‘रीक्यू’ (परत क्यूमध्ये टाक) खोटा ठेवला, तर तो डेड लेटर एक्स्चेंजकडे, म्हणजे नाकारलेले किंवा मुदत संपलेले मेसेज वळवायच्या जागी, जातो. ते नेमलेलं नसेल तर टाकून दिला जातो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण डेड लेटरचं नाव क्यूच्या आर्ग्युमेंटमध्ये लिहिलंय आणि त्या नावाचं एक्स्चेंजच तयार केलेलं नाही, तरी क्यू बनते, कुठलीही एरर येत नाही आणि मेसेज नाहीसे होतात. एक्स्चेंज आहे पण त्याला क्यू बांधलेली नाही, तरी तेच. रूटिंग की वेगळी दिली नाही तर मेसेज मूळ कीनेच पुढे जातो, त्यामुळे डेड लेटरसाठी डायरेक्ट एक्स्चेंज (की तंतोतंत जुळली तरच पुढे देणारं) आणि त्याला एकच ठरावीक कीचं बाइंडिंग असेल तर बाकीच्या कीचे मेसेज तिथेही गळतात. म्हणून डेड लेटरला आम्ही फॅनआउट एक्स्चेंज (की न बघता बांधलेल्या सगळ्या क्यूंना देणारं) वापरतो. शिवाय वेळ संपली की दुसऱ्या क्यूमध्ये, तिथेही वेळ संपली की पुन्हा पहिल्यात, असं चक्र फक्त टीटीएलवर (मेसेजच्या मुदतीवर) फिरवलं असेल, तर ब्रोकर ते चक्र ओळखतो आणि मेसेज टाकून देतो. वाटेत कुठेतरी कन्झ्युमरने नाकारलेला असेल तरच चक्र चालू राहतं.

४.० आवृत्तीवर गेलेल्यांना इथे नवा धक्का बसतो. कोरम क्यूला (मेसेजच्या प्रती अनेक नोडांवर, म्हणजे ब्रोकरच्या मशीनवर, ठेवणारा क्यूचा प्रकार) डिलिव्हरीची मर्यादा आता मुळातच २० आहे. आधी तीच मर्यादा स्वतः घातल्याशिवाय नव्हती. डेटाबेस बंद आहे म्हणून कन्झ्युमर मेसेज परत परत क्यूमध्ये टाकतोय, असं पूर्वी तासभर चाललं तरी मेसेज शाबूत राहायचे. आता तो २० फेऱ्यांनंतर डेड लेटरकडे जातो आणि डेड लेटर नसेल तर कायमचा जातो. अपग्रेड करण्याआधी प्रत्येक कोरम क्यूला डेड लेटर आहे का, ते तपासून घ्यावं.

क्यूचे स्वतःचे नियम बघायला ‘लिस्ट_क्यूज’ला नाव, ड्युरेबल, ऑटो_डिलीट, आर्ग्युमेंट्स, पॉलिसी आणि इफेक्टिव्ह_पॉलिसी_डेफिनिशन हे रकाने मागायचे. शेवटचा रकाना विसरू नये, कारण खरी मेख तिथे असते. एका क्यूला एका वेळी एकच पॉलिसी लागू होते, जिचा प्राधान्यक्रम वरचा ती. कुणीतरी ‘सगळ्या क्यूंना कमाल लांबी’ अशी नवी पॉलिसी वरच्या प्राधान्याने घातली, की आधीच्या पॉलिसीतलं डेड लेटर त्या क्यूवरून उतरतं. दोन पॉलिसींची बेरीज होत नाही. लांबी ओलांडली की डीफॉल्ट वागणूक ‘ड्रॉप-हेड’, म्हणजे सगळ्यात जुना मेसेज बाहेर. पाठवणाऱ्याला नकार कळावा असं वाटत असेल तर ‘रिजेक्ट-पब्लिश’ ठेवायचं, अर्थात पाठवणारा पोच वाचत असेल तरच त्याचा उपयोग. टीटीएल मिलिसेकंदात असतो. सेकंद समजून ६० लिहिणारे भेटतात आणि त्यांचे मेसेज डोळ्यांची पापणी लवायच्या आत संपलेले असतात. ‘एक्स-एक्स्पायर्स’ हे तर अख्ख्या क्यूचं आयुष्य. न वापरलेली क्यू त्याने पुसली जाते, आणि तिच्यातले मेसेज डेड लेटरकडेसुद्धा जात नाहीत.

आता तो मोठा अपवाद. पब्लिशर कन्फर्म, म्हणजे पाठवणाऱ्याला मिळणारी ब्रोकरची पोच, चालू केले, प्रत्येक मेसेजची पोच आली आणि तरी मेसेज क्यूमध्ये नाही. एक्स्चेंजला त्या रूटिंग कीचं बाइंडिंग नसेल तर मेसेजला जायला जागा नसते. ब्रोकर तो टाकून देतो आणि वर पोचही देतो. ‘मी माझ्याकडून जबाबदारी पार पाडली’ एवढाच त्या पोचेचा अर्थ. नेहमीच्या लॉगमध्ये याची ओळ उमटत नाही. हे कळायचं तर पाठवताना ‘मँडेटरी’ फ्लॅग लावावा लागतो. मग ब्रोकर आधी ‘बेसिक.रिटर्न’ पाठवतो, कोड ३१२, ‘नो_रूट’, आणि त्यानंतर पोच. म्हणूनच वर तिसरी फाइल वेगळी ठेवली. रिटर्न ऐकणारं कुणी कोडमध्ये जोडलंच नसेल तर फ्लॅग लावून काही उपयोग नाही. पायथनच्या ‘पिका’ या लायब्ररीमध्ये ब्लॉकिंग चॅनलवर ‘कन्फर्म_डिलिव्हरी’ केल्यावर असा मेसेज थेट ‘अनराउटेबल’ची एरर फेकतो, हे सोयीचं. जावामध्ये रिटर्न लिसनर जोडावा लागतो. जावाच्याच स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये कन्फर्म टाइप ‘कोरिलेटेड’, पब्लिशर रिटर्न्स आणि टेम्प्लेटचा मँडेटरी अशी तीन सेटिंग्ज लागतात.

बाइंडिंग का नसतं? टॉपिक एक्स्चेंजमध्ये (कीचा नमुना जुळवून वाटणारं) चांदणीचं चिन्ह म्हणजे टिंबांमधला बरोबर एक शब्द. ‘ऑर्डर.*’ असं बांधलेलं असताना कुणी ‘ऑर्डर.क्रिएटेड.पुणे’ अशी की पाठवली तर ती जुळत नाही, तिथे हॅशचं चिन्ह हवं. किंवा सेवा चुकीच्या व्हर्च्युअल होस्टला (ब्रोकरमधला वेगळा कप्पा) जोडलेली असते, तिथे त्याच नावाचं एक्स्चेंज असतं आणि बाइंडिंग नसतं. पण सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो ऑटो-डिलीट क्यूचा खेळ. शेवटचा कन्झ्युमर गेला की अशी क्यू पुसली जाते. नवी आवृत्ती चढवताना जुना कन्झ्युमर बंद आणि नवा सुरू व्हायच्या मधली काही सेकंदं क्यूच नसते. तेवढ्यात आलेले मेसेज सलग तुकड्याने गायब. पहिल्या दिवशी पाठवणारी सेवा कन्झ्युमरच्या आधी सुरू झाली तरी हेच होतं. क्यू आणि बाइंडिंग बनवायचं काम सेवांच्या हाती न ठेवता डेफिनिशन फाइलमधून आधीच करून ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

कोड बदलणं लगेच शक्य नसेल तर पॉलिसीने त्या एक्स्चेंजला ‘अल्टरनेट-एक्स्चेंज’ जोडायचं, त्याला फॅनआउट ठेवून एक क्यू बांधायची, तिला कमाल लांबी घालायची, आणि चोवीस तासांनी त्या क्यूमध्ये काय साचलंय ते वाचायचं. गळणाऱ्या नळाखाली बादली. मात्र बादली लावली की मेसेजला वाट मिळाली असं धरलं जातं, त्यामुळे ‘मँडेटरी’चं रिटर्न येईनासं होतं, दोन्ही एकदम तपासायला जाऊ नये. नुसता आकडाच हवा असेल तर मॅनेजमेंटच्या पानावर आणि प्रोमिथियस या देखरेख साधनासाठीच्या १५६९२ पोर्टवर टाकून दिलेल्या, वाट न मिळालेल्या मेसेजचे वेगळे काउंटर मिळतात. प्रोमिथियसच्याच पोर्टवर डेड लेटर झालेल्यांचे कारणाप्रमाणे चार काउंटर आहेत: वेळ संपली, लांबी ओलांडली, नाकारला, डिलिव्हरी मर्यादा. ते चार आकडे बघितल्यावर निम्म्या चर्चा संपतात.

चालू ब्रोकरवर एकेका मेसेजचा माग काढायचा तर फायरहोज आहे, म्हणजे ये-जा करणाऱ्या प्रत्येक मेसेजची प्रत देणारी सोय. ‘ट्रेस_ऑन’ ही आज्ञा व्हर्च्युअल होस्टचं नाव देऊन चालवायची, त्याच होस्टमध्ये एक तात्पुरती क्यू बनवून ‘एएमक्यू.रॅबिटएमक्यू.ट्रेस’ या एक्स्चेंजला बांधायची. ‘पब्लिश.’ आणि पुढे हॅश अशी की दिली तर आत येणारा प्रत्येक मेसेज, ‘डिलिव्हर.’ आणि हॅश दिली तर बाहेर जाणारा. हेडरमध्ये एक्स्चेंज, रूटिंग की, युजर आणि तो मेसेज कोणकोणत्या क्यूमध्ये गेला ती यादी असते. यादी रिकामी असली की उत्तर मिळालं. या क्यूला कमाल लांबी घातल्याशिवाय ट्रेस चालू करायचा नाही, कारण वाहतूक वाढते आणि मेमरी भरते. काम झालं की ‘ट्रेस_ऑफ’. रीस्टार्टनंतर तो आपोआप बंदच राहतो, म्हणून रीस्टार्टच्या आसपासची गळती याने पकडायला जाल तर हात हलवत परत याल.

पाठवणाऱ्याच्या बाजूला ‘बेसिक.पब्लिश’ला, म्हणजे पाठवायच्या आज्ञेला, उत्तर नसतं. लिहिणं यशस्वी झालं म्हणजे बाइट्स स्वतःच्याच मशीनच्या कर्नल बफरमध्ये गेले, एवढंच. फायरवॉलने मधेच पाकिटं गिळायला सुरुवात केली तर हार्टबीट (कनेक्शन जिवंत आहे हे कळवणारा ठोका) ६० सेकंदांचा असताना क्लायंटला ते कळायला मिनिटभर जाऊ शकतं, आणि तोवर लॉगमध्ये ‘पाठवला’ अशा ओळी पडत राहतात. नोड.जेएसमधल्या एएमक्यूपीलिब या लायब्ररीमध्ये पाठवल्यावर लगेच ‘प्रोसेस.एक्झिट’ केलं की बफरमधले शेवटचे मेसेज सॉकेटपर्यंतही जात नाहीत. कन्फर्म चॅनल घेऊन ‘वेटफॉरकन्फर्म्स’ करायचं. नसलेल्या एक्स्चेंजवर पाठवलं तर ४०४ येऊन चॅनल बंद होतं. ही एरर थोड्या वेळाने, दुसऱ्याच कुठल्या कॉलला दिसते, कारण पाठवणं एकतर्फी आहे. मधल्या काळात त्या चॅनलवर टाकलेलं सगळं वाया. एकच चॅनल पाठवायला आणि घ्यायला वापरत असाल, तर एकच मेसेज दोनदा ॲक केल्याने आलेली ४०६ पाठवणंही बंद पाडते. दोन्हींची कनेक्शनं वेगळी ठेवायची.

मेमरीचा अलार्मही इथलाच. वापर मर्यादेच्या वर गेला (मर्यादा एकूण मेमरीच्या प्रमाणात, ३.१३ आवृत्तीपर्यंत डीफॉल्ट ०.४ आणि ४.० पासून ०.६), किंवा डिस्कवरची मोकळी जागा डीफॉल्टच्या ५० एमबीखाली गेली, की ब्रोकर पाठवणाऱ्यांचे सॉकेट वाचणं थांबवतो. मेसेज हरवत नाहीत, अडकतात. पण अडकलेली सेवा ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणून हेल्थ चेक तिला मारतो, आणि बफरमधलं तिच्याबरोबर जातं. ५० एमबी हा आकडा खऱ्या वापरासाठी फारच तोकडा आहे, वाढवाच.

कन्फर्म वाचताना दोन चुका नेहमीच्या. डिलिव्हरी टॅग, म्हणजे पोचेतला मेसेजचा नंबर, चॅनलपुरता असतो आणि १ पासून सुरू होतो. चॅनल नव्याने उघडलं तर आपली नोंदवहीही कोरी करावी लागते. आणि पोचेत ‘मल्टिपल’ खरा असेल तर त्या नंबरपर्यंतच्या सगळ्यांची पोच आली. हे न धरता एकच नंबर खोडला तर फाइलमध्ये शेकडो मेसेज हरवल्यासारखे दिसतात, जे मजेत क्यूमध्ये बसलेले असतात.

रीस्टार्टमध्ये टिकायचं तर क्यू ड्युरेबल हवी आणि मेसेजचा डिलिव्हरी मोड २ (डिस्कवर जपून ठेवायचा) हवा. क्लासिक क्यूमध्ये पहिलं असून दुसरं नसलं की रीस्टार्टनंतर क्यू आहे, बाइंडिंग आहे, मेसेज शून्य. कोरम क्यू मात्र मोड काहीही असो, सगळे मेसेज डिस्कवरच लिहिते आणि बहुसंख्य नोडांनी लिहिल्यावरच पोच देते. क्लस्टर, म्हणजे अनेक नोड एकत्र, असेल तर कोरम क्यूच वापरा. जुन्या मिरर क्यू नेटवर्क दुभंगल्यावर ‘ऑटोहील’ या आपोआप सांधणाऱ्या सेटिंगमध्ये हरलेल्या बाजूचे मेसेज टाकून द्यायच्या, आणि ४.० मधून त्या काढूनही टाकल्यात.

कंटेनरवाल्यांसाठी एक वेगळी जागा. ब्रोकर आपला डेटा नोडच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि नोडच्या नावात होस्टनेम असतं. डॉकरमध्ये होस्टनेम ठरवून दिलं नाही तर कंटेनर नव्याने बनवताना ते बदलतं. व्हॉल्यूम तोच, पण ब्रोकर नव्या नावाचं रिकामं फोल्डर बनवून सुरू होतो. क्यू गेल्या, युजर गेले, मेसेज गेले, असं दिसतं. व्हॉल्यूममध्ये ‘व्हार/लिब/रॅबिटएमक्यू/नीशिया’ इथे बघितलं तर ‘रॅबिट@’ने सुरू होणारी दोन-तीन फोल्डर शेजारी शेजारी सापडतात. कंटेनर बंद करायचा, जुन्या फोल्डरच्या नावातला होस्टनेमचा भाग ‘--होस्टनेम’ला द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. ड्युरेबल सगळं जागेवर असतं. व्हॉल्यूमच जोडलेला नसेल तर मात्र शोधायला काही उरत नाही.

सगळं दुरुस्त केल्यावर तीच १०,०००ची चाचणी पुन्हा घ्यायची, या वेळी मधेच ब्रोकरला ‘किल -९’ देऊन. शंभर-शंभर मेसेज पाठवून पोच येईपर्यंत थांबायचं, पोच न आलेले नव्या चॅनलवर पुन्हा पाठवायचे. कन्झ्युमरलाही एकदा मधेच मारायचं. शेवटी पोच आलेल्यांची फाइल आणि काम झालेल्यांची फाइल ताडली तर दुबार ओळी सोडून फरक शून्य हवा. चौथ्या फाइलमध्ये मात्र १०,००० पेक्षा जास्त ओळी निघू शकतात, कारण ब्रोकरने मेसेज ठेवला पण पोच यायच्या आत कनेक्शन तुटलं, तो पुन्हा पाठवला गेला. काही कन्झ्युमर मेल्यावर परत आलेले. म्हणून कन्झ्युमरच्या डेटाबेसमध्ये मेसेज आयडीवर युनिक की लावायची आणि काम व आयडीची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायची. आयडी आधीच असेल तर काम न करता ॲक द्यायचा. पाठवणाऱ्याच्या डेटाबेसमध्येही तसंच: ऑर्डर जतन झाली आणि मेसेज पाठवायच्या आधी प्रोसेस मेली, तर तो मेसेज ब्रोकरपर्यंत कधी आलेलाच नसतो. ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे मेसेज’ असं टेबल भरायचं, वेगळ्या प्रोसेसने त्यातून पाठवायचं आणि ब्रोकरची पोच आल्यावरच ती ओळ ‘गेला’ म्हणून खुणावायची. या टेबलात पाच मिनिटांपेक्षा जुनी, न खुणावलेली ओळ दिसली की अलार्म वाजेल, असं लावून ठेवलंय.